डाव गार होण्याआधी

आपल्याच गावात हॉटेलात उतरायची वेळ शर्मिष्ठा मगदूमवर एकसष्टाव्या वर्षी आली. खोली नवव्या मजल्यावर होती. खिडकीतून दूरवर कृष्णेचं पात्र दिसे, आयर्विन पुलाच्या कमानी दिसत, आणि तिच्या वडिलांच्या घराच्या जागी उभी राहिलेली रक्त तपासायची काचेची इमारतही दिसे. वडील हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी होते. संध्याकाळी आधी हळदीचा वास घरात शिरायचा आणि त्याच्यामागून वडील. आता पेठ गावाबाहेर गेली होती, आणि ओळखीची माणसं कुणी पुण्याला, कुणी लेकांकडे परदेशात, कुणी त्याहून लांब. हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी तिच्याशी इंग्रजीत बोलली. शर्मिष्ठाने मराठीत उत्तर दिलं तेव्हा ती कौतुकाने म्हणाली, "मॅम, तुमचं मराठी फारच छान आहे." शर्मिष्ठाने तिचे आभार मानले आणि लिफ्टकडे गेली.

ती आली होती ज्येष्ठ महिला ग्रँडमास्टरांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी. पंचावन्न वर्षांवरच्या आठ जणी, प्रत्येकीने प्रत्येकीशी एकेक डाव खेळायचा. पाच फेऱ्या झाल्या होत्या, दोन उरल्या होत्या. शर्मिष्ठा आणि जॉर्जियाची नातेला या दोघी बरोबरीने सर्वांच्या पुढे होत्या. अर्जेंटिनाची ग्रासिएला त्यांच्या मागे फक्त अर्ध्या गुणाने होती. सहाव्या फेरीत शर्मिष्ठाची गाठ नातेलाशी होती आणि शेवटच्या फेरीत ग्रासिएलाशी. आयुष्यभर मोठ्या स्पर्धांत शर्मिष्ठा दुसरी आली होती. वर्तमानपत्रांनी तिला 'सदाची उपविजेती' म्हणून टाकलं होतं, आणि अशा बहुतेक वेळी पहिली आलेली बाई नातेला असे. या खेपेस पहिलं यायचं, आणि तेही सांगलीत, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती वर्षभर नीट झोपली नव्हती.

सभागृहात डाव संपला की दोघी हस्तांदोलन करत, पंच दोघींच्या सह्या घेई, आणि मग एक डावीकडच्या दाराने बाहेर पडे, दुसरी उजवीकडच्या. कोणी कोणाशी बोलत नसे. कोपऱ्यात एक टेबल मात्र मांडलेलं असायचं. त्यावर पट, पटावर मोहरी, दोन्ही बाजूंना खुर्च्या. नियमावलीत ते अजून होतं म्हणून ते मांडायचं. सकाळी सफाईवाली बाई मोहऱ्यांवरून फडकं फिरवायची. त्या टेबलाशी बसलेलं माणूस कित्येक वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं.

शर्मिष्ठाने पाहिलं होतं. तिच्या लहानपणी स्पर्धेतला डाव म्हणजे अर्धाच डाव असायचा. उरलेला अर्धा नंतर सुरू व्हायचा. जिंकलेला आणि हरलेला मागच्या खोलीत जाऊन पट पुन्हा मांडायचे आणि डाव पहिल्यापासून उलगडत बसायचे. इथे हे का नाही खेळलास, मी तर याला घाबरलो होतो, अरे, ते मला दिसलंच नाही. मधोमध कागदावर भडंग, पटाच्या कडेला चहाचे कप, आणि भोवती फुकटचे सल्ले देणारे चार जण. मघाशी एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं तिथे एकाच बाजूने खेळत असल्यासारखी बोलायची. शर्मिष्ठा बुद्धिबळ शिकली ती त्या खोलीत.

नातेला तिला भेटली तीही अशीच. विशीतली शर्मिष्ठा पहिल्यांदाच परदेशी खेळायला गेली होती, आणि नातेलाने तिला जेवणाच्या वेळेच्या आत हरवलं. शर्मिष्ठा तोंड पाडून उठायला लागली, तर त्या उंच, दाट भुवयांच्या मुलीने तिच्या स्वेटरची बाही धरून तिला खाली बसवलं. खिशातून द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली अक्रोडांची माळ काढली, तिचे दोन तुकडे केले, आणि पट मांडला. दोघींना मिळून इंग्रजीचे पन्नास शब्द येत नव्हते, तरी दिवस मावळेपर्यंत त्या बोलत होत्या. बोटं, भुवया, मान आणि मोहरी. इतकं नेमकं समजून घेणारं माणूस शर्मिष्ठाला त्याआधी भेटलं नव्हतं, आणि पुढेही, खरं सांगायचं तर, फारसं भेटलं नाही.

मग छाया आली.

त्याआधीची यंत्रं पटावरची सर्वांत चांगली चाल शोधायची. ती माणसांच्या केव्हाच पुढे निघून गेली होती आणि माणसांनी ते मनाला लावून घेणं सोडून दिलं होतं. छायेचं काम निराळं होतं. चांगली चाल कोणती याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. समोर हा पट असताना हा अमुक माणूस काय खेळेल, एवढंच ती सांगायची. खेळाडूचे जन्मभराचे सगळे डाव तिला द्यायचे. शिवाय कोणत्या चालीला किती वेळ लागला, त्या वेळी नजर पटाच्या कोणत्या भागावर होती, नाडी किती चालत होती, हात कोणत्या मोहऱ्यापाशी घुटमळून मागे आला, हे सगळं सभागृहातले कॅमेरे आणि मनगटावरचा पट्टा टिपत. लबाडी पकडायला म्हणून बसवलेली ती यंत्रणा हळूहळू छायेला खाऊ घालू लागली. त्यातून माणसाच्या सवयींचा एक साचा तयार व्हायचा. दडपण आलं की हा वजिराला वजीर मारून मोकळा होतो, कंटाळा आला की ही प्यादं पुढे ढकलते. साच्यात न बसणारी चाल दिसली की छाया ती दमणूक किंवा चूक धरून बाजूला टाकायची, कारण माणूस एखाद्या दिवसावरून ठरत नाही, असं तिचं गणित होतं. श्रीमंत देशांपुरतीच ही सोय राहू नये म्हणून जागतिक संघटनेने नियम केला, की प्रत्येकाची छाया प्रत्येकाला खुली राहील, आणि खेळाडू निवृत्त झाला की त्याची छाया मिटवली जाईल.

यात सर्वांत आधी मेलं ते डाव उलगडणं. खेळलेल्या चालीवरून छायेला एवढंच कळतं, की माणसाने काय निवडलं. पण डावानंतर तो बोलायला लागला की त्याने काय नाकारलं, कशाला तो भ्याला, कुठे त्याची नजर गेलीच नाही, हे सगळं बाहेर येतं. तासाभराच्या गप्पा शंभर डावांइतक्या कामाच्या, असं जाणकार सांगत. मग बोलेल कोण? स्पर्धेच्या काळात दोन खेळाडूंनी बाहेर भेटणं म्हणजे संगनमत, त्याला बंदी. आत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून बोलायची मुभा होती, पण डोक्यावर कॅमेरे आणि माइक, आणि त्यांनी टिपलेलं सगळं सर्वांना खुलं. टेबल राहिलं आणि माणसं उठून गेली.

ती सवय शर्मिष्ठाच्या घरापर्यंत गेली. मनातलं बोलायचं नाही हे अंगी इतकं मुरलं, की आमटीत मीठ कमी आहे का, याचंही उत्तर ती विचार करून द्यायची. नवरा हेमंत पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता, मोकळ्या तोंडाचा. तो म्हणायचा, मी दिवसभर दरवाजे उघडायचे आणि घरी येऊन बंद धरणाशी संसार करायचा. स्पर्धा संपली की बोलू, असं ती त्याला सांगायची. एक स्पर्धा संपली की दुसरी असायची. शेवटच्या आजारात त्याने एकदा हसत विचारलं होतं, "आता कुठली स्पर्धा चालू आहे?" तो जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी ऋता नाशिकला होती. ती दर रविवारी फोन करायची आणि दोघी हवापाण्याबद्दल बोलायच्या.

संध्याकाळी पुण्याच्या फ्लॅटमध्ये शर्मिष्ठा पट मांडून नातेलाच्या छायेशी खेळायची. आधी तयारी म्हणून, मग सवय म्हणून, मग सोबत म्हणून. छाया बोलत नसे. पडद्यावर चाल उमटायची एवढंच, पण नातेला घेईल तितकाच वेळ घेऊन उमटायची. हात पटाच्या पलीकडच्या निम्म्या भागात न्यायचा असला की नातेला नेहमी थांबते. छायाही थांबे, आणि तेवढ्यात शर्मिष्ठा चहाचं आधण ठेवून यायची. काय विचार करत असेल ही, असं तिला वाटे. छाया विचार करत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, तरी वाटे. प्रत्यक्ष नातेला वर्षा-दोन वर्षांनी कुठल्यातरी पटापलीकडे भेटायची, दर खेपेला थोडी अधिक पिकलेली, आणि हस्तांदोलन करून दुसऱ्या दाराने निघून जायची. सांगलीत उद्घाटनाच्या समारंभात तिने जाहीर केलं होतं, की ही आपली शेवटची स्पर्धा. म्हणजे आठवड्याभरात तिची छाया मिटणार. शर्मिष्ठा त्या दिवशी जेवली नव्हती, आणि कारण कोणाला सांगितलं नव्हतं.

सांगण्यासारखं माणूस एकच होतं, दीप्ती वालावलकर. चाळिशीची, कुडाळकडची, जिभेला चांगली धार असलेली. तिच्या हुद्द्याचं नाव छायारक्षक. समोरच्या खेळाडूची छाया वाचायची आणि आपल्या खेळाडूच्या तोंडून काही निसटू द्यायचं नाही, हे तिचं काम. लिफ्टमध्ये शर्मिष्ठाने सुस्कारा टाकला तरी ती डोळे वटारायची. सहाव्या फेरीच्या सकाळी नाश्त्याला बसल्यावर तिने सगळं समजावून सांगितलं.

"ती उंटाने उंट मारणार, ताई, आणि डाव शेवटाकडे नेणार. शंभरातल्या नव्वद वेळा छाया तेच सांगते. तुम्ही फक्त घाई करू नका. म्हातारी पोचलेली आहे."

"माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे ती."

"मग तुम्ही महापोचलेल्या," दीप्ती म्हणाली आणि शर्मिष्ठाच्या ताटलीतला उपमा संपवायला लागली.

शर्मिष्ठाकडे पांढरी मोहरी होती. पहिला तास दीप्तीने सांगितलं तसाच गेला. मग उंटाने उंट मारायची वेळ आली, आणि नातेलाने तो मारला नाही. तिने आपल्या राजाच्या बाजूचं अगदी कडेचं प्यादं दोन घरं पुढे लोटलं. शर्मिष्ठा पटाकडे बघत राहिली. नातेला अशी प्यादी लोटत नाही. ती घर आवरून, गॅस बघून, मग बाहेर पडणारी बाई. हे तर दार सताड टाकून पळत सुटणं होतं. सापळा असणार असं धरून शर्मिष्ठाने अर्धा तास सापळा शोधण्यात घालवला. सापळा नव्हताच. आणखी काही चालींनी नातेलाने आपला हत्ती देऊन बदल्यात नुसता एक उंट घेतला. हिशेबात तोटा, हातात केवळ हल्ल्याची आशा. ही चाल शर्मिष्ठाच्या ओळखीची होती. कुठली ते आठवायला जरा वेळ लागला. पंचविशीतली शर्मिष्ठा असे हत्ती उधळायची. वडील कपाळाला हात लावून म्हणायचे, अगं बाई, जरा जपून. ती चाल तिची स्वतःची होती.

मग तिने आपली बाजू पाहिली. तिचे दोन्ही घोडे मागे, राजाजवळ, घडी करून ठेवलेल्या कपड्यांसारखे. हल्ला येतोय म्हटल्यावर तिने एकेक मोहरं न घाबरता घरी परत बोलावलं होतं. हे तिला तरुणपणी कधी जमलं नव्हतं. हे नातेलाचं होतं.

वर्षानुवर्षं रोज एकाच माणसाच्या साच्याशी खेळलं, की तो साचा आपल्यालाही घडवत जातो. इतकी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. शर्मिष्ठा नातेलासारखी खेळू लागली होती आणि नातेला शर्मिष्ठासारखी. म्हणजे तिकडे, हजारो मैलांवर, नातेलाही रोज संध्याकाळी पट मांडून बसत होती, आणि तिच्यासमोर पडद्यावर बसलेली असायची ती शर्मिष्ठाची छाया. शर्मिष्ठाने नजर वर केली. नातेला तिच्याकडेच बघत होती. दाट भुवया आता पांढऱ्या झाल्या होत्या. तिलाही कळलं होतं, बहुधा आधीच.

डाव बरोबरीत सुटला. शेजारच्या पटावर ग्रासिएला जिंकली होती, त्यामुळे आता तिघी एकाच गुणसंख्येवर होत्या. बरोबरी झाली की दोन्ही राजे पटाच्या मध्यावर ठेवायचा रिवाज आहे. पंच त्यासाठी वाकला, तोच नातेलाने बळी दिलेला हत्ती उचलून पुन्हा त्याच्या घरात ठेवला आणि हनुवटीने कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. शर्मिष्ठा उभी राहिली. दोरीपलीकडून दीप्ती मान हलवत होती. पाय सवयीने डावीकडच्या दाराकडे निघाले, आणि शर्मिष्ठा त्यांच्यामागून गेली.

तयारीच्या खोलीत शिरल्या शिरल्या दीप्तीने दार लावून घेतलं. डाव चालू असतानाच नातेलाची छाया चुकायला लागली होती, म्हणून वैतागून तिने नातेलाच्या चालींवर शर्मिष्ठाची छाया लावून पाहिली होती. चाल न चाल जुळत गेली. मग उलटं करून पाहिलं, तेही जुळलं. तीन वर्षं शर्मिष्ठाची छाया चुकत होती आणि दीप्तीसकट सगळे ते वयावर ढकलत होते. या वर्षी शर्मिष्ठा एवढी जिंकत का होती, याचं कारण आता कळलं होतं. समोरची प्रत्येक जण तिच्या छायेची तयारी करून यायची आणि पटावर भलतीच बाई बसलेली असायची.

"उद्या ग्रासिएलाचंही तेच होणार," दीप्ती म्हणाली. "ती तुमची तयारी करून येणार, आणि तुम्ही तिथे नसणारच. जिंकलात तुम्ही, ताई."

"आणि तिला कळलं तर?"

"कळलं तर काय, छाया बदलायची. तुमच्या जागी नातेलाची लावायची. चहा होईपर्यंतचं काम." तिने आवाज खाली आणला. "पण कळणार कसं? तुम्ही दोघी बोलला नाहीत, तर जगात कोणाला सुचायचं नाही."

शर्मिष्ठा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. फेरी संपल्यावर तासभर ते टेबल खुलं असतं. "ती तिथे बसली असेल," ती म्हणाली.

"बसू दे. उद्या स्पर्धा संपली की बोला ना. मी स्वतः चहा आणून देते तुम्हाला."

"उद्या डाव गार होतो, दीप्ती. चाली आठवतात. कशाला भ्यायलो होतो, ते आठवत नाही. बोलायचं तर तेच असतं."

"आणि पहिला नंबर? वर्षभर दुसरं काही बोलला नाहीत तुम्ही."

"हो ना," शर्मिष्ठा म्हणाली. "वर्षभर मी दुसरं काहीच बोलले नाही."

दीप्तीने दाराची कडी काढली. "जा. नाही तरी तुम्ही ऐकणार आहात का. फक्त त्या घोड्यांबद्दल काही बोलू नका."

"घोड्यांबद्दलच बोलायचंय," शर्मिष्ठा म्हणाली आणि बाहेर पडली.

सभागृह रिकामं झालं होतं. नातेला कोपऱ्यात एकटी बसली होती, हात मांडीवर, जणू कोणी येवो न येवो, तासभर तिथे बसायचं एवढं तिने ठरवलं होतं. शर्मिष्ठा समोर बसली. आता दोघींना इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं. वरचे कॅमेरे आवाज न करता वळले आणि त्यांच्यावर स्थिरावले.

"तू माझा हत्ती चोरलास," शर्मिष्ठा म्हणाली.

"तू माझे घोडे नेलेस. मी काही बोलले?"

मग त्यांनी डाव पहिल्यापासून मांडला. नातेलाने सांगितलं, की कडेचं प्यादं लोटताना तिचे हात गार पडले होते. तिला ती चाल करायची नव्हती, पण दुसरी दिसेनाच. शर्मिष्ठाने सांगितलं, की नसलेला सापळा शोधण्यात तिने अर्धा तास घालवला, आणि नातेला टेबलावर थाप मारून हसली. कुठे जिंकता आलं असतं ते दोघींना सापडलं, आणि ते दोघींनाही डावात दिसलं नव्हतं, याचा त्यांना विलक्षण आनंद झाला. वर माइक होते. त्यांची आठवण दोघींना होती. एकदा सुरुवात झाल्यावर आवाज खाली आणण्यात काही अर्थ नव्हता.

शेवटी शर्मिष्ठाने वर्षानुवर्षं मनात असलेलं विचारलं. हात पलीकडे न्यायच्या आधी तू थांबतेस, तेव्हा कसला विचार करतेस?

नातेलाला आधी प्रश्नच कळेना. मग तिने उजवा हात पुढे लांबवला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "विचार कसला? खांदा. लहानपणी चेरीच्या झाडावरून पडले होते. हात लांब केला की दुखतो."

शर्मिष्ठाने कपाळावर हात मारला. "मीसुद्धा थांबते. कधीची थांबते. आणि माझा खांदा ठणठणीत आहे."

दोघी इतक्या हसल्या, की दाराशी उभा असलेला पंच आत डोकावून गेला. हसू ओसरल्यावर नातेलाने एक प्यादं उचललं आणि बोटांत फिरवत राहिली.

"सहा वर्षांपूर्वी काय झालं होतं?" तिने विचारलं. "तू जिंकत आलेले डाव बरोबरीत सोडत होतीस. एकामागून एक. छायेने ते सगळे चूक म्हणून टाकून दिले. मी नाही टाकले. मला वाटलं, हिच्या घरी काहीतरी झालंय."

त्या वर्षी इतके लोक भेटायला आले होते. इतक्या लोकांनी पाठीवर हात ठेवला होता. ते डाव मात्र कोणी पाहिले नव्हते. शर्मिष्ठाने हेमंतचं नाव घेतलं. ते नाव मोठ्याने घेऊन तिला किती दिवस झाले होते, ते तिलाच आठवेना. "जिंकायला फार वेळ बसावं लागतं," ती म्हणाली. "मला तेवढं बसवत नव्हतं."

"मी पत्र लिहिणार होते. मग म्हटलं, तुला वाटेल, ही काहीतरी युक्ती आहे."

"वाटलं असतं," शर्मिष्ठा म्हणाली.

नातेलाने मान डोलावली. तिला राग आला नव्हता. ती भाचीच्या बेकरीच्या वरच्या मजल्यावर एकटी राहते, असं तिने सांगितलं. खाली पावाची भट्टी थंडावली की ती पट मांडते. "तू रोज येतेस," ती म्हणाली. "आणि वेळेवर कधी जात नाहीस." मग पंचाने येऊन घड्याळ दाखवलं, आणि एक डावीकडच्या दाराने गेली, दुसरी उजवीकडच्या.

दुसऱ्या दिवशी ग्रासिएलाच्या पहिल्या काही चालींतच शर्मिष्ठाला कळलं, की छाया बदलली आहे. तिने घोडा मागे न्यायचा म्हटलं, की त्या घरावर ग्रासिएलाचा डोळा आधीच असायचा. आपण कुलूप काढून आत जावं आणि बैठकीत परकं माणूस निवांत बसलेलं असावं, तसं. नातेलाच्या सगळ्या वाटा बंद होत्या. शर्मिष्ठाच्या जुन्या वाटा तर जगाला केव्हाच पाठ होत्या. सुटका करेल अशी चाल एकच असू शकत होती, जी नातेलाची नाही आणि तिचीही नाही. ती शोधायला शर्मिष्ठा बसली, आणि तेवढी एकटी ती हेमंत गेल्यावरही पडली नव्हती. सुचेल ती प्रत्येक चाल कोणाची ना कोणाची निघे. ही त्या मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्यांची, ही नातेलाची, ही नातेलासाठी केलेली. हे सगळं बाजूला ठेवलं तर खाली काय उरतं, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.

तिने राजा उचलला. प्याद्यांच्या आडोशातून एक घर पुढे, उघड्यावर ठेवला. ना हल्ला, ना बचाव.

ग्रासिएलाचा हात मध्येच थांबला. तिने पट पाहिला, शर्मिष्ठाकडे पाहिलं, पुन्हा पट पाहिला. पहिल्यांदाच तिला स्वतः विचार करावा लागत होता, आणि घड्याळ पळत होतं. तासभर डाव दोन्ही बाजूंना लोंबकळत राहिला. शेवटी ग्रासिएलाला वाट सापडली. ती मुळात खेळाडू चांगली होती. शर्मिष्ठाने घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. ग्रासिएलाने तो जरा झुकून धरला, काहीतरी विचारावं की नाही अशी क्षणभर घुटमळली, आणि उजवीकडच्या दाराने फोटो काढणाऱ्यांकडे गेली. या खेपेस दुसरा नंबरही नव्हता. नातेलाचा डाव बरोबरीत सुटला तरी शर्मिष्ठा तिसरी.

दोरीपलीकडे दीप्ती तिची शाल घेऊन उभी होती. रागावलेली दिसत नव्हती, नुसती दमलेली. शर्मिष्ठाने तिला खुणेने थांबायला सांगितलं आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली. राजाच्या चालीपर्यंतचा डाव तिने मांडला. लांबच्या पटावर नातेला अजून खेळत होती. तिच्यासमोरही छाया बदलून आलेली बाई बसली होती. सभागृहातले दिवे एकेक ओळ करून मालवायला सुरुवात झाली. माणसं भिंतीवरचे फलक उतरवू लागली. नातेला इकडे येईल की थेट विमानतळाची गाडी धरेल, शर्मिष्ठाला काही सांगता आलं नसतं. दोघींचं काही ठरलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने समोरची खुर्ची सरकली. बरोबरी, असं नातेलाने हाताने सांगितलं. डाव्या हाताने ती उजवा खांदा चोळत होती. मग तिचं लक्ष पटावर गेलं आणि हात थांबला.

"ही चाल कोणाची?" तिने विचारलं. "माझी नाही. तुझीही नाही."

"माहीत नाही."

नातेला पटावर वाकली. शर्मिष्ठा तिच्या भुवयांकडे बघत राहिली. हजारो संध्याकाळी या बाईची पुढची चाल तिने आधी ओळखली होती. आता ती काय म्हणेल, याचा तिला काडीचाही अंदाज येईना.

"वाईट चाल आहे," नातेला शेवटी म्हणाली. "फारच वाईट. आता दाखव, काय बघितलं होतंस."

शर्मिष्ठाने राजा एक घर मागे घेतला आणि सांगायला लागली.